चिनी मुळ्यांचा पत्ता शोधणारा गोव्याचा वैद्य, ज्याला स्वतःचं मूळ मात्र लपवावं लागलं

पोट बिघडलं की घरातल्या मोठ्या माणसांना आधी काय आठवतं? ओवा, हिंग, सुंठ, बेलाचा मुरंबा. पळसदेव-इंदापूर असो नाहीतर पणजी, यादी थोड्याफार फरकाने तीच असते. पण जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलात तर याच यादीत आणखी काही नावं ऐकू येतात. रेवंदचिनी, चोपचिनी, कोळिंजन.

यातल्या दोन नावांमध्ये चक्क चीन आहे. आणि ते उगाच नाही. या मुळ्या खरोखर चीनमधून जहाजाने किंवा उंटांच्या काफिल्यांमधून इकडे यायच्या. त्या नेमक्या कुठून येतात, कोणत्या वाटेने येतात, कशासाठी वापरतात आणि त्यात भेसळ-गफलत कुठे होते, हे चौकशी करून लिहून ठेवणारा एक डॉक्टर ४५० हून जास्त वर्षांपूर्वी गोव्यात राहत होता.

त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. अहमदनगरच्या निजामशाहाचा मित्र, पोर्तुगीज व्हॉइसरॉयांचा वैद्य आणि काही काळ चक्क मुंबई बेटाचा भाडेपट्टेदार. त्याच्या पुस्तकाने युरोपला आशियाई औषधांची ओळख करून दिली. आणि त्याच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

असं काय केलं होतं त्याने?

जन्मापासून डोक्यावर टांगती तलवार

ओर्ताचा जन्म साधारण १५०१ सालचा. गाव कास्तेलो द व्हिदे. पोर्तुगालमधलं हे गाव स्पेनच्या सरहद्दीला लागून आहे आणि त्याच्या कुटुंबाची कहाणीही या सरहद्दीशी जोडलेली आहे.

त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना दोन पर्याय दिले. ख्रिस्ती व्हा, नाहीतर देश सोडा. हजारो कुटुंबं पोर्तुगालमध्ये आली. पण पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, पोर्तुगालनेही आपल्याकडच्या ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. अशा लोकांना तिथे नवे ख्रिस्ती म्हटलं जायचं. कागदोपत्री ते ख्रिस्ती होते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत संशय कायम असायचा. घरात शनिवार पाळतात का, डुकराचं मांस टाळतात का, यावर लोकांचं लक्ष असायचं.

अशा घरात वाढलेला गार्सिया स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला इथल्या विद्यापीठांमध्ये वैद्यक शिकला. १५२३ च्या सुमारास परत येऊन त्याने गावात डॉक्टरकी केली. नंतर तो लिस्बनला गेला आणि तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. नोकरी चांगली होती, मानही होता. पण पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चौकशी आणि शिक्षा करणारं न्यायालय, सुरू होण्याची चर्चा होती. ते १५३६ मध्ये सुरू झालंही.

त्याच्या दोन वर्षं आधीच, मार्च १५३४ मध्ये, ओर्ता जहाजात बसला होता. मार्तिम अफोन्सो द सोझा या आरमारी सेनापतीचा वैद्य म्हणून तो भारताकडे निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचला. मायदेशी तो परत कधीच गेला नाही.

गोवा म्हणजे तेव्हाचं औषधांचं मार्केट

पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. चीन आणि आग्नेय आशियातून येणाऱ्या मालाची नाडीच त्यांच्या हातात आली. त्यामुळे गोव्याच्या बाजारात अरबी घोड्यांपासून चिनी रेशमापर्यंत सगळं मिळायचं. आणि त्यातच असायची औषधं. होर्मुझहून आलेला हिंग, मलबारची मिरी, जावा आणि चीनची मुळं, बोर्निओचा कापूर.

ओर्ताने सुरुवातीची काही वर्षं सोझाबरोबर मोहिमांमध्ये काढली. दीवपासून मलबारपर्यंतचा किनारा पाहिला. १५३८ च्या सुमारास तो गोव्यात स्थिरावला. तिथे त्याने औषधी झाडांची बाग केली, पुस्तकं जमवली. डॉक्टरकीबरोबर व्यापारही केला. त्याच्या नात्यातलीच ब्रियांदा द सोलिस त्याची बायको झाली आणि त्यांना दोन मुली झाल्या.

त्याने युरोपात जे वैद्यक शिकलं होतं, ते होतं ग्रीक वैद्य गेलेन आणि डायोस्कोरिडीस यांचं, शिवाय इब्न सीनासारख्या अरबी-फारसी हकिमांचं. या पुस्तकांत भारत आणि चीनमधल्या औषधांची वर्णनं होती, पण लिहिणाऱ्या कित्येकांनी ती झाडं कधी पाहिलीच नव्हती. ओर्ता मात्र आता त्या झाडांच्या सावलीत बसला होता.

मग त्याने साधी गोष्ट केली. विचारायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांना, खलाशांना, हकिमांना, वैद्यांना आणि घरकाम करणाऱ्यांनाही. ग्रंथातले उपाय आधी द्यायचे आणि ते लागू पडले नाहीत तर इथल्या वैद्यांचे उपाय करायचे, ही त्याची पद्धत त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्या काळच्या युरोपियन डॉक्टरसाठी ही मोठी कबुली होती.

नगरच्या दरबारातला मित्र

ओर्ताच्या शिक्षणात महाराष्ट्राचाही वाटा आहे. अहमदनगरचा सुलतान बुरहान निजामशाह याच्याशी त्याची चांगली मैत्री होती. ही तीच निजामशाही, जिचे सरदार पुढे मालोजीराजे भोसले झाले. इंदापुरात आजही ज्यांच्या गढीची आठवण सांगतात ते मालोजीराजे.

नगरच्या दरबारात फारसी आणि अरबी जाणणारे हकीम होते, हिंदू वैद्यही होते. सुलतानाला स्वतःलाच वैद्यकाची गोडी होती. तो ओर्ताला रोगांची आणि औषधांची अरबी नावं सांगायचा आणि ओर्ता त्याला लॅटिन नावं शिकवायचा.

याचा परिणाम ओर्ताच्या लिखाणात जागोजागी दिसतो. एखाद्या औषधाबद्दल लिहिताना तो आधी नावांचा हिशोब लावतो. अरब याला काय म्हणतात, दख्खनमध्ये काय म्हणतात, गोव्यातले लोक काय म्हणतात, मलबारात काय. यात हौस कमी आणि गरज जास्त होती. नाव चुकलं की भलतंच मूळ हातात पडतं आणि भलतंच मूळ पोटात गेलं की रुग्ण दगावतो. औषधाची खरी ओळख पटवायची तर नाव आणि गाव दोन्ही पक्कं हवं.

पुस्तक आलं, तेही पोर्तुगीजमध्ये

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात ओर्ताचं पुस्तक छापून झालं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. भारतात छापलेल्या सगळ्यात जुन्या पुस्तकांमध्ये त्याची गणना होते. छपाईच्या चुका भरपूर होत्या, पण मजकूर नवाकोरा होता.

पुस्तकाचं नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर भारतातल्या औषधी वनस्पती आणि द्रव्यांविषयीचे संवाद. हे सगळं पुस्तक दोन डॉक्टरांच्या गप्पांमधून पुढे सरकतं. एक ओर्ता स्वतः आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर, जो युरोपातून नुकताच आलेला आहे आणि ज्याचा ग्रंथांवर फार विश्वास आहे. रुआनो पुस्तकातलं सांगतो, ओर्ता समोरची वस्तू दाखवतो. युरोपात असतो तर गेलेनच्या विरोधात बोलायची आपली हिंमत झाली नसती, असंही ओर्ता त्यात मान्य करतो.

या गप्पांमध्ये मधेच अंतोनिया नावाची त्याची दासी येते आणि फळं-पानं आणून देते. एका संवादात मलुपा नावाचा हिंदू वैद्यही बोलतो. इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. ओर्ता गुलाम बाळगणारा, पोर्तुगीज सत्तेचा लाभ घेणारा माणूस होता. त्याला माहिती देणाऱ्या असंख्य लोकांपैकी फार थोड्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचली आहेत.

याच पुस्तकात आणखी एका माणसाची कविता पहिल्यांदा छापून आली. तो होता लुईस द कामोइंश, जो पुढे पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरला.

चीनची तीन मुळं

ओर्ता चीनला कधीच गेला नाही. पण चीनमधून येणाऱ्या औषधांवर त्याने बरंच लिहिलं. त्यातली तीन मुळं आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं, रेवंदचिनी. चिनी भाषेत हिला दा-हुआंग म्हणतात, म्हणजे मोठं पिवळं. चिनी वैद्यकाच्या अगदी जुन्या ग्रंथांमध्ये ती आहे आणि तिचं मुख्य काम कोठा साफ करणं. युरोपात ती महाग विकली जायची, पण ती नक्की कुठून येते याबद्दल गोंधळ होता. काळ्या समुद्राच्या बाजूची एक, बर्बरांच्या देशातली एक, भारतातली एक, अशी नावं चालायची. ओर्ताने व्यापाऱ्यांकडे चौकशी करून सांगितलं की खरी रेवंदचिनी चीनमधूनच येते, बाकीची नावं फक्त वाटेतल्या बाजारांची आहेत. समुद्रमार्गे आणलेली लवकर खराब होते आणि मध्य आशियातून खुष्कीच्या वाटेने आलेली जास्त टिकते, हेही त्याने नोंदवलं.

या मुळीची गंमत आजच्या विज्ञानालाही पटते. तिच्यात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात, ती मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात आणि जुलाब होतात. पण तिच्यातच टॅनिनही असतं, जे उलट बांधून ठेवतं. त्यामुळे थोड्या मात्रेत एक परिणाम आणि जास्त मात्रेत दुसरा. पुढे या मुळीचा दबदबा इतका वाढला की १८३९ मध्ये अफूच्या व्यापारावरून चीनचं ब्रिटनशी बिनसलं, तेव्हा लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्रात चहा आणि रेवंदचिनीचा मुद्दा काढला. या दोन गोष्टी मिळाल्या नाहीत तर परदेशी लोक जगूच शकणार नाहीत, असा त्याचा समज होता.

दुसरं, कोळिंजन. आल्याच्या कुळातलं हे मूळ चिनी वैद्यकात पोटात थंडी शिरून दुखणं, उलटी, अपचन यांवर वापरतात. ओर्ताने यातले दोन प्रकार वेगळे करून सांगितले. एक लहान, जास्त वासाचं, चीनमधून येणारं. दुसरं मोठं, जावाचं. आज वनस्पतीशास्त्रही या दोन वेगळ्या जाती मानतं. कोळिंजन हा शब्दच मूळच्या चिनी नावावरून अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे आला, असं अभ्यासक मानतात.

तिसरं, चोपचिनी. फारसीत या नावाचा अर्थ चिनी लाकूड. ही मात्र पोटासाठी गाजली नाही. ती गाजली गरमीच्या रोगासाठी, म्हणजे सिफिलिससाठी. हा रोग पोर्तुगीजांबरोबर इकडे पसरला म्हणून आपल्याकडे त्याला फिरंग रोग नाव पडलं. तेव्हाचा उपाय होता पारा, ज्याने रोग्याचे हाल व्हायचे. १५३५ च्या आसपास चिनी मुळी गोव्यात आली आणि तिच्यावर उड्या पडल्या. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही फिरंग रोग आणि ही मुळी दोन्ही आहेत. युरोपात खुद्द सम्राट पाचव्या चार्ल्सने ती घेतली आणि शरीररचनेचा मोठा अभ्यासक व्हेसालियस याने १५४६ मध्ये तिच्यावर लिहिलं. अर्थात सिफिलिस खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो विसाव्या शतकात पेनिसिलीन आल्यावर.

हिंगाचा घोडा आणि पोटाचे बाकीचे उपाय

पोटाच्या तक्रारी हा गोव्यातल्या पोर्तुगीजांचा रोजचा प्रश्न होता. नवीन हवा, नवीन पाणी. त्यामुळे ओर्ताच्या पुस्तकात पोटाच्या औषधांना भरपूर जागा आहे.

हिंगाचा वास त्याला अजिबात सहन व्हायचा नाही. पण हिंग घातलेली भाजी मात्र वास मारत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. विजयनगरचा एक किस्साही सांगितला. तिथे एका पोर्तुगीजाकडे एक उमदा घोडा होता, पण त्याला वायूचा इतका त्रास की राजा तो विकत घेईना. मालकाने घोड्याला पिठातून हिंग चारला आणि घोडा बरा झाला. राजाने तो घेतला आणि उपाय विचारला. हिंग म्हटल्यावर राजाला काहीच नवल वाटलं नाही, कारण त्याच्या लेखी ते देवांचं खाणं होतं. पोर्तुगीज मालकाला मात्र ते सैतानाचं खाणं वाटत होतं, पण हे तो हळू आवाजातच पुटपुटला.

आव पडत असेल तर कोवळ्या बेलफळाचा उपयोग होतो, हे ओर्ताने लिहिलं. मलबारच्या वैद्यांकडून त्याने एका झाडाच्या सालीचा उपाय शिकला. नंतरच्या अभ्यासकांनी हे झाड म्हणजे आपला कुडा, असं ओळखलं. आयुर्वेदातलं कुटजारिष्ट याच कुड्यापासून बनतं.

मोडशी

पण ओर्ताचं सगळ्यात गाजलेलं लिखाण आहे पटकीवर, म्हणजे कॉलरावर. गोव्यात १५४३ मध्ये अशी मोठी साथ आल्याची नोंद गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासकारानेही केली आहे. स्थानिक लोक या रोगाला काय म्हणतात, हे ओर्ताने लिहून ठेवलं. तो शब्द म्हणजे आपली मोडशी. मराठी-कोकणीतला हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी बदलत गेला आणि फ्रेंचांनी तर त्याचा कुत्र्याचं मरण अशा अर्थाचा शब्द करून टाकला.

उलट्या, जुलाब, खोल गेलेले डोळे, पायात येणारे गोळे, थंड पडलेलं अंग. ओर्ताने हे सगळं बारकाईने टिपलं. रोगी बऱ्याचदा एका दिवसात जातो, काही जण दहा तासही काढत नाहीत, हेही लिहिलं. उपायांमध्ये आज अघोरी वाटतील असे प्रकार होते. पायाला डागणं, डोळ्यात पिंपळी घालणं, हातपाय आवळून बांधणं. पण त्याच यादीत एक साधा उपायही होता. मिरी आणि जिरं घातलेली तांदळाची पेज.

कॉलरात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते भरून काढलं तर जीव वाचतो. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हे जगाला दाखवून दिलं. पुढे तांदळाच्या पिठापासून बनवलेलं ओआरएसही कॉलरात चांगलं काम करतं, हे सिद्ध झालं. ओर्ताला किंवा पेज देणाऱ्यांना यामागचं कारण माहीत नव्हतं आणि नुसत्या पेजेने कॉलरा बरा होत नाही. पण डागण्यांच्या गर्दीत पेजेचीही नोंद झाली, कारण लिहिणाऱ्याने दिसेल ते सगळं टिपलं.

मुंबईचं घर आणि दोनदा फळणारा आंबा

१५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने ओर्ताला मुंबईचं बेट भाडेपट्ट्याने दिलं. वर्षाला ठरलेली रक्कम भरायची आणि बेटाचं उत्पन्न घ्यायचं, असा व्यवहार. आज नौदलाच्या ताब्यात असलेल्या बॉम्बे कॅसलच्या जागी त्याचा वाडा होता, असं मानलं जातं. आपल्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारा आंबा आहे, हे त्याने पुस्तकात कौतुकाने सांगितलं आहे.

बाहेरून पाहिलं तर सगळं छान चाललं होतं. आत मात्र भीती होती. पोर्तुगालमध्ये राहिलेल्या त्याच्या आईला आणि बहिणींना इन्क्विझिशनने १५४७ मध्ये पकडलं. सुटका झाल्यावर त्या गोव्याला त्याच्याकडे आल्या. पण १५६० मध्ये तेच न्यायालय गोव्यातही आलं. पळून जायला आता पुढे जागा नव्हती.

त्याच्या नंतर तीनच वर्षांनी ओर्ताचं पुस्तक आलं. प्रत्येक मुळीचं गाव शोधणाऱ्या या माणसाने त्यात स्वतःच्या घराण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मेल्यावर मिळालेली शिक्षा

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. मोठमोठ्या लोकांच्या ओळखीमुळे असेल, पण जिवंतपणी त्याला कुणी हात लावला नाही.

नंतर मात्र वेळ लागला नाही. त्याची बहीण कातारिना पकडली गेली. छळात घेतलेल्या जबान्यांमधून घरात गुपचूप ज्यू धर्म पाळला जात असल्याचं बाहेर आलं, त्यात गार्सियाचंही नाव होतं. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आलं. ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ताची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. गोव्यातलं हे न्यायालय कायमचं बंद झालं ते १८१२ मध्ये.

पुस्तकाला मात्र कुणी थांबवू शकलं नाही. कारण त्याआधीच ते निसटलं होतं. क्लुसियस या युरोपियन वनस्पतीशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये लिस्बनमध्ये त्याची एक प्रत मिळाली. त्याने केलेला संक्षिप्त लॅटिन अनुवाद १५६७ मध्ये, म्हणजे ओर्ता हयात असतानाच, अँटवर्पमध्ये छापला गेला. मग इतर भाषांमध्ये आवृत्त्या निघत राहिल्या. कित्येक पिढ्यांच्या युरोपियन डॉक्टरांनी रेवंदचिनी, हिंग आणि बेलाबद्दल वाचलं ते या पुस्तकातून. १९१३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला.

आज पणजीत चर्चसमोरच्या महापालिका उद्यानाला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे.

मग आज या मुळ्यांचं काय करायचं?

ओर्ताने लिहिलंय म्हणून रेवंदचिनी आणून घेतली, असं करू नका. ती जोरदार रेचक आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच पोटात तीव्र दुखत असताना ती घेणं धोक्याचं आहे. जुलाब-उलट्या होत असतील तर पहिला उपाय ओआरएस. लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं, ताप चढला किंवा लहान मूल मलूल झालं तर थेट दवाखाना गाठायचा.

ओर्ताकडून घेण्यासारखी आहे ती त्याची सवय. औषध समोर आलं की तो विचारायचा: हे कुठून आलं, खरं नाव काय, कुणाला दिलं आणि त्याचं पुढे काय झालं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पोटाचा रामबाण उपाय पुढे पाठवण्याआधी हे प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही.